का खॉ तो: मेकाँगच्या खोऱ्यातला मडक्यातला मासा, आपल्या घरी

व्हिएतनामी जेवण म्हटलं की आपल्याकडे फो (नूडल्सचं सूप) आणि बान्ह मी (पावाचं सँडविच) ही दोनच नावं निघतात. पण हे पदार्थ तिथली माणसंही बहुतेक वेळा दुकानात किंवा रस्त्याकडेच्या गाडीवर खातात. घरातलं संध्याकाळचं ताट वेगळं असतं. मधोमध मोठं गोल तबक, त्यात एक खारट पदार्थ, एक पातळ सूप आणि एखादी उकडलेली किंवा परतलेली भाजी. प्रत्येकाच्या हातात भाताचा वाडगा. खारट पदार्थ थोडासाच असतो, कारण त्याचं काम भात संपवायचं. दक्षिण व्हिएतनाममध्ये, मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात, या जागी हमखास येणारा पदार्थ म्हणजे का खॉ तो. का म्हणजे मासा, खॉ म्हणजे खारट-गोड रसात आटवत शिजवणं आणि तो म्हणजे मातीचं लहान भांडं.

हा पदार्थ पहिल्यांदा करणाऱ्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी: हे कालवण नव्हे. यात हळद नाही, आलं-लसूण वाटण नाही, वाटलेला नारळ तर अजिबात नाही. शेवटी भांड्यात जेमतेम पाच-सहा चमचे रस उरतो, तोही काकवीसारखा दाट आणि तांबूस काळा. जळवलेली साखर, नुओक माम म्हणजे माशाचं आंबवलेलं खारं पाणी, शहाळ्याचं पाणी आणि काळी मिरी, एवढ्या चार गोष्टींवर सगळी चव उभी असते. हात शिवशिवला तरी मसाल्याचा डबा उघडू नका.

मासा कोणता घ्यायचा

मेकाँगच्या घरांमध्ये यासाठी सर्वांत आवडीचा मासा म्हणजे का लॉक. तो दुसरातिसरा कुणी नसून आपली मरळ आहे. विदर्भातल्या तलावांत, मराठवाड्यातल्या धरणांत आणि देशावरच्या बाजारात पाण्याच्या टोपात जिवंत विकायला ठेवलेली असते तीच. मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे पाण्याबाहेर बराच वेळ जगते. व्हिएतनाममध्ये ती भातखाचरांत आणि कालव्यांत वाढते. साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर मेकाँगला पूर येतो, शेतं पाण्याखाली जातात आणि मासे मुबलक मिळतात. एका दिवसात खाऊन संपणार नाहीत इतके मासे हाती आले की ते खाऱ्या रसात आटवून ठेवायचे, म्हणजे दोन-तीन दिवस पुरतात. फ्रीज नसलेल्या काळातल्या घरांची ही सोय होती.

मरळीचं मांस घट्ट, कातडी जाड आणि बारीक काटे कमी. अर्धा तास रटरटूनही तुकडी मोडत नाही. मिळाली तर तीच घ्या.

नाही मिळाली तर सुरमई चालेल. व्हिएतनामच्या किनाऱ्यावर तिच्याच कुळातला मासा याच पद्धतीने शिजवतात. फक्त ती लवकर कोरडी पडते, म्हणून शिजवण्याचा वेळ निम्मा करा. रोहू आणि कटलाही चालतात, काट्यांची सवय असेल तर. सुपरमार्केटात गोठवलेला बासा मिळतो, त्यातला बराचसा मेकाँगच्याच तळ्यांतून येतो. मजा अशी की बासा म्हणून विकला जाणारा मासा बहुतेक वेळा बासा नसतो, त्याचा भाऊबंद का त्रा असतो. चवीला तो इथे शोभतो, पण त्याच्या बिनकाट्याच्या बिनकातडीच्या फिती शिजताना विरघळल्यासारख्या होतात. घ्यायचाच तर हाडासकट आडव्या तुकड्यांत मिळतो का ते पाहा. बोंबील इथे टिकणार नाही. पापलेट टिकेल, पण इतक्या तीव्र रसात त्याची नाजूक चव शोधावी लागेल, आणि त्या भावात ते परवडत नाही.

नुओक मामची बाटली

आशियाई किराणा ठेवणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइन ती मिळते. बाटलीवर ‘फिश सॉस’ लिहिलेलं असतं. मागची बाजू वाचा. घटकांत छोटे चंदेरी मासे, म्हणजे अँचोवी, आणि मीठ, फार तर थोडी साखर एवढंच असावं. व्हिएतनामी बाटल्यांवर ३०, ३५, ४० असा अंश दिलेला असतो. तो लिटरमागे किती ग्रॅम नायट्रोजन आहे ते सांगतो, म्हणजे माशातली प्रथिनं पाण्यात किती उतरली आहेत याचा अंदाज. ३० किंवा त्याहून जास्त असेल तर माल चांगला. फू क्वॉक बेटावरचा नुओक माम सर्वांत नावाजलेला. तिथे मासे आणि मीठ लाकडाच्या प्रचंड पिंपांत वर्षभर मुरवतात. २०१२ साली युरोपीय संघाने या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं, त्यामुळे दुसरीकडे बनवलेला माल तिथे ‘फू क्वॉक’ म्हणून विकता येत नाही. थायलंडची बाटली मिळाली तरी काम होतं.

बाटलीचं झाकण उघडताच येणारा वास जोरदार असतो. घरात सुकट भाजली जाते अशांना त्याचं फारसं काही वाटणार नाही. बाकीच्यांनी एवढं लक्षात ठेवावं की साखरेबरोबर उकळल्यावर तो वास बदलतो आणि मागे फक्त खमंगपणा राहतो. शिजवताना खिडकी मात्र उघडी ठेवा.

चार माणसांसाठी साहित्य

मरळ ७०० ग्रॅम, कातडी आणि हाडासकट, बोटाच्या दोन पेरांएवढ्या जाड आडव्या तुकड्या
नुओक माम ३ मोठे चमचे (एक चमचा १५ मिलिलिटरचा)
साखर दीड मोठा चमचा मुरवणासाठी, आणि ३ मोठे चमचे जळवण्यासाठी
छोटे कांदे, ज्यांना आपण सांबारचे कांदे म्हणतो, ५-६
लसणाच्या ४ पाकळ्या
पातीचा कांदा ३-४ काड्या
काळी मिरी १ छोटा चमचा, ताजी भरडलेली
लाल किंवा हिरव्या मिरच्या ४, अख्ख्या
एका शहाळ्याचं पाणी, साधारण दीड वाटी
तेल २ मोठे चमचे

मूळ कृतीत तेलाऐवजी डुकराच्या चरबीचे किंवा पोटाकडच्या मांसाचे लहान तुकडे तळून घेतात. सुटलेल्या चरबीत मासा शिजतो आणि कुरकुरीत तुकडे रसात मुरतात. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी शंभर ग्रॅम जरूर घालावं, रसाला वेगळीच गोलाई येते. तेलच वापरणार असाल तर वास नसलेलं घ्या. खोबरेल तेल इथे स्वतःचंच घोडं पुढे दामटतं.

शहाळ्याचं पाणी म्हणजे नारळाचं दूध नव्हे, ही चूक बऱ्याच ठिकाणी होते. दुधाने रस पांढुरका आणि जड होतो, आटवला तर फाटतो. गोडसर, कोवळ्या शहाळ्याचं पाणी हवं. पाकिटातलं घेतलं तर त्यात वेगळी साखर घातलेली नाही ना, ते पाहा. उत्तर व्हिएतनाममध्ये हे पाणी सहसा वापरत नाहीत. तिथला खॉ जास्त खारट, गलांगल नावाच्या आल्याच्या भाऊबंदाच्या चकत्या घातलेला. हा-नाम भागातल्या एका गावात तर कार्प जातीचे मोठे काळे मासे लाँगन नावाच्या फळझाडाच्या लाकडावर बारा तासांहून जास्त वेळ शिजवतात. काटेसुद्धा मऊ होतात आणि तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या सुमारास ती मडकी देशभर पाठवली जातात. आपण मात्र दक्षिणेचा, गोडाकडे झुकणारा प्रकार करतोय.

भांडं

कोकणात माशाचं तिखलं ज्यात करतात तशी पसरट तवली उत्तम. तळ वीस सेंटिमीटरच्या आसपास हवा, म्हणजे तुकड्या एका थरात बसतील. नवी असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी तांदळाची पेज तिच्यात मंद आचेवर उकळा, मग वापरा. कोरडी तवली कधीही मोठ्या आचेवर ठेवू नका आणि गरम तवली ओल्या ओट्यावर टेकवू नका, तडा जातो. इंडक्शनवर माती चालत नाही. तिथे जाड बुडाची स्टीलची किंवा बिडाची कढई घ्या. चव नव्वद टक्के तशीच येते. मातीचा खरा फायदा असा की ती उष्णता धरून ठेवते, त्यामुळे पदार्थ ताटावर रटरटत येतो आणि जेवण संपेपर्यंत गरम राहतो.

मासा साफ करणं

मरळ बुळबुळीत असते. दोन चमचे जाडं मीठ आणि थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन तुकड्या चोळा, मग दोन-तीन पाण्यांतून धुवा. पोटाच्या आतला काळा पापुद्रा ओढून काढा आणि मणक्याला चिकटलेलं रक्त सुरीच्या टोकाने खरवडा. व्हिएतनामी बायका या दोन गोष्टींवर अडून बसतात, आणि ते बरोबर आहे. माशाचा उग्रपणा तिथेच असतो आणि नंतर कितीही साखर घातली तरी तो झाकला जात नाही. धुतल्यावर तुकड्या फडक्यावर टिपून कोरड्या करा. डोकं टाकू नका, त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

आता कांदे, लसूण आणि पातीच्या कांद्याचा पांढरा भाग बारीक चिरा. निम्मा ऐवज तुकड्यांना लावा. त्यावर नुओक माम, दीड चमचा साखर आणि अर्धी मिरी घाला. अर्धा तास ठेवा, मधे एकदा तुकड्या उलटा. मीठ घालायचं नाही. नुओक माम म्हणजेच मीठ.

जळकी साखर: इथे घाई नको

याला नुओक माउ म्हणतात, रंगाचं पाणी. खॉ जमला की फसला ते इथेच ठरतं, म्हणून पहिल्यांदा करताना ही साखर तवलीत नको, चकचकीत स्टीलच्या लहान पातेल्यात करा. काळ्या भांड्यात रंग कळत नाही.

पातेल्यात ३ चमचे साखर आणि एक चमचा पाणी घाला. मध्यम आच. चमच्याने ढवळू नका, ढवळलं की कडेला पुन्हा खडे धरतात. भांडं कानाला धरून हलकेच गोल फिरवा. आधी पाणी उडेल, मग बुडबुडे दाट होतील, मग कडेने पिवळा रंग धरेल. पिवळ्याचा मधासारखा, मधाचा तांबूस. कॅरॅमल कस्टर्डसाठी आपण इथे थांबतो. या पदार्थासाठी आणखी पुढे जायचं असतं. कोऱ्या चहासारखा गडद तपकिरी रंग आला, बुडबुडे बारीक फेसाळ झाले आणि धुराची पहिली बारीक रेघ उठली की गॅस बंद. भांड्याच्या उष्णतेने ती अजून थोडी पुढे जाते, तेवढी सोय ठेवा. पूर्ण काळी होऊन डोळ्यांना झोंबणारा धूर यायला लागला तर ती कडू झाली, ओतून द्या आणि नव्याने करा. तीन चमचे साखरेसाठी मासा बिघडवण्यात अर्थ नाही.

लगेच ४ चमचे उकळतं पाणी कडेने सोडा आणि हात मागे घ्या, कारण ते जोरात उडतं. मुलं ओट्यापाशी नकोत. पुन्हा मंद आचेवर ठेवून गुठळ्या विरघळवा. गोडीपेक्षा किंचित कडसर, खमंग चव लागायला हवी. फिकी साखर घेतली तर रस नुसता गोड होतो आणि रंगही येत नाही. ही कडसर चवच नुओक मामच्या खारटपणाला तोलून धरते.

गूळ वापरू का, असा प्रश्न आपल्याकडे येणारच. जळवण्यासाठी नको: गूळ मुळातच गडद, त्यामुळे कधी थांबायचं ते कळत नाही, आणि तो करपतोही लवकर. मुरवणातल्या साखरेच्या जागी मात्र ताडगूळ किंवा गोव्याकडचा माडाचा गूळ छान लागतो. मेकाँगच्या आन-जांग प्रांतात ताडाच्या रसाची साखर होते आणि तिथल्या स्वयंपाकघरांत ती अशीच वापरली जाते.

शिजवणं

तवली मंद आचेवर हळूहळू तापवा, तेल घाला. चरबी वापरत असाल तर ती आधी परतून कुरकुरीत करा. उरलेला कांदा-लसूण त्यात गुलाबी होऊ द्या. आता जळक्या साखरेचे दोन मोठे चमचे घाला, बाकीचा पाक बाटलीत भरून ठेवा, महिनाभर फ्रीजमध्ये टिकतो.

तुकड्या मुरवणासकट एका थरात लावा. आच मध्यम करा आणि तीन मिनिटं तसंच राहू द्या, मग प्रत्येक तुकडी हलक्या हाताने उलटून आणखी दोन मिनिटं. पाणी घालण्याआधी मांस आवळून घट्ट व्हायला हवं. घाईने पाणी ओतलं तर मासा उकडतो आणि सुटतो.

शहाळ्याचं पाणी कोमट करून सोडा, तवलीत गार पाणी नको. तुकड्या दोन-तृतीयांश बुडतील इतकंच. उकळी आली की वर येणारा फेस चमच्याने काढून टाका. मिरच्या अख्ख्याच टाका. आच अगदी मंद करा, झाकण किंचित तिरकं ठेवा. यापुढे पळी आत घालायची नाही. दर पाच-सात मिनिटांनी रस चमच्याने तुकड्यांवर ओता, आणि तळाला लागतंय असं वाटलं तर कान धरून भांडंच हलवा.

मरळीला अर्धा तास लागतो. सुरमईला बारा ते पंधरा मिनिटं पुरे. तिच्यासाठी शहाळ्याचं पाणी आधी वेगळं निम्मं आटवून घ्या, म्हणजे मासा जास्त शिजायच्या आत रस दाट होईल.

वीस मिनिटांनी चव बघा, त्याआधी नको. आधी पाहिलं तर अळणी वाटतं, माणूस वरून नुओक माम ओततो आणि आटल्यावर सगळं खारट होऊन बसतं. शेवटी आधी खारट, मागून गोड आणि सगळ्यात शेवटी मिरीचा झटका अशी चव यायला हवी. नुसता चाखून खारटच लागेल. भाताच्या घासाबरोबर चाखा, तोच खरा निकष.

रस आटत आला की बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, रस चमच्याला चिकटून राहतो. झाकण काढा, दोन मिनिटं आच वाढवा, उरलेली मिरी आणि पातीचा हिरवा भाग वर टाका आणि उतरवा. मिरीत कंजूषी नको. जगात सर्वांत जास्त काळी मिरी व्हिएतनामच पिकवतो, आणि या पदार्थात ती नुसती वर भुरभुरवायला नसते.

सोबतीला कान्ह चुआ

खॉ एकटा येत नाही. त्याच्या शेजारी आंबट सूप लागतं, आणि त्याचं साहित्य आपल्या मंडईत जसंच्या तसं मिळतं. बाजूला ठेवलेलं डोकं इथे कामी येतं. ते एक लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, अननसाचे तुकडे आणि चिरलेला टोमॅटो घाला. मग भेंडीचे तिरके काप आणि शेवटी मूठभर मोडाचे मूग. थोडा नुओक माम, थोडी साखर. तिथे यात अळूच्या जातीतले जाड सच्छिद्र देठ घालतात, ते जेमतेम शिजवतात कारण ती जात खाजत नाही. आपल्या अळूचे देठ घालणार असाल तर सोलून, चिंचेच्या पाण्यात पुरते शिजवून मगच घाला, नाहीतर घसा धरेल. वरून कोथिंबीर आणि तळलेला लसूण. हे सूप पातळच ठेवायचं, फोडणी द्यायची नाही.

भात साधा, मोकळा पण किंचित चिकट हवा. बासमती इथे उपरा वाटतो. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी घ्या.

वाढताना मडकं तसंच मधे ठेवतात. चॉपस्टिकने माशाचा एक लचका मोडायचा, रसात टेकवायचा, भातावर ठेवायचा. अनेक घरांत, विशेषतः उत्तरेत, लहानांनी आजी-आजोबांना, आई-वडिलांना ‘जेवा’ म्हणून आवर्जून म्हटल्याशिवाय घास घ्यायचा नाही अशी रीत आहे. चांगली तुकडी उचलून दुसऱ्याच्या वाडग्यात ठेवणं हेही चालूच असतं. भात आणि मासा म्हणजे माय-लेकरू, अशा अर्थाची तिकडे म्हण आहे.

मासे न खाणाऱ्यांसाठी

व्हिएतनाममध्ये अनेक बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार असतो. तेव्हा हाच खॉ टोफू, मशरूम किंवा कोवळ्या फणसाचा होतो. फणसाचे जाड काप आधी वाफवून, थोडे तळून घ्या. नुओक मामच्या जागी सोया सॉस वापरा आणि बाकी सगळं तसंच. सोया सॉसचा रंग मुळात गडद असतो, म्हणून जळका पाक निम्माच घाला. मिरी थोडी जास्त.

उरलं तर

उरलेला खॉ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी तो जास्त मुरलेला लागतो. गरम करताना दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर ठेवा, मायक्रोवेव्हमध्ये कातडी फुटून उडते. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी मासा खावा, रस बेताने घ्यावा.

मासा संपून नुसता रस उरला असेल तर त्यात थोडी मिरी आणि दोन चमचे पाणी घालून पुन्हा दाट करा आणि उकडलेली भेंडी, कोबीची पानं किंवा दुधी त्यात बुडवून खा. तिकडे असाच रस मुद्दाम वेगळा करतात, त्याला खॉ क्वेत म्हणतात, आणि भाताच्या तळाला धरलेली कुरकुरीत खरपुडीही त्याच्याबरोबर मोडून खातात.